सूर्य कुठं ठेवायचा?

सकाळी ९.४०. कोल्हापुरात बिनखांबी गणेश मंदिराकडून खरी कॉर्नरकडं जाताना एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हा स्टुडिओ आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, त्याच्या बाजूनं अरुंद जिना. ताई कुलूप काढतात, चपला दाराशी सोडतात, आधी यूपीएस चालू करतात, मग कॉम्प्युटर. फोटोग्राफर मंडळींत त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. सगळे 'ताई' म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा. गेली कित्येक वर्षं लग्नाचे अल्बम त्या लावतात, फोटो सुधारतात, आणि फोटोत जिथं उजेड नव्हता तिथं उजेड आणतात.

खिडकी पूर्वेला आहे. ताई पहिल्यांदा तिचा जाड पडदा ओढून घेतात. मॉनिटरवर ऊन पडलं की रंग खोटा दिसतो. मागची भिंत मुद्दाम राखाडी रंगवलेली आहे, कारण पिवळ्या किंवा हिरव्या भिंतीची झाक डोळ्यात बसते आणि मग सगळ्या नवऱ्या मुली पिवळ्या किंवा हिरव्या दिसायला लागतात. एकच ट्यूब, ती दिवसभर चालू. मॉनिटरचा ब्राइटनेस किती ठेवायचा तो आकडा कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही.

मग पेन. माउसनं हे काम होत नाही. पेन टॅबलेट लागतो. दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की पुसट. पेनाच्या टोकाला प्लास्टिकची बारीक निब असते आणि ती झिजते. झिजली की एका अंगानं धार येते आणि टॅबलेटवर चरे पडायला लागतात. ताई निब चिमट्यानं ओढून काढतात, बोटाच्या पेरावर फिरवून बघतात, उलटी करता येत नाही म्हणून तीच परत घालतात, फक्त थोडी वळवून. पाच निबांचं पाकीट साडेतीनशेला पडतं. "अजून आठवडा जातोय," त्या म्हणतात.

सकाळी १०.१०. पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा म्हणून एक मुलगा येतो. पासपोर्ट साइजच्या आठ कॉप्या. तो भिंतीला टेकूनच उभा राहतो. ताई त्याला दोन फूट पुढं घेतात, म्हणजे फ्लॅशची सावली कानामागं भिंतीवर उमटत नाही. ती सावली कॉम्प्युटरवर पुसायला चार मिनिटं लागली असती. दोन पावलांत काम झालं. साठ रुपये.

सकाळी १०.३०. पन्नाशीचे एक गृहस्थ मोबाइल पुढं करतात. वडील गेले. तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे, बारा बाय अठराचा, फ्रेमसकट. त्यांच्याकडं चांगला असा एकच फोटो आहे, पुतण्याच्या लग्नातला. म्हातारबाबा झाडाखाली खुर्चीत बसलेत, शेजारी चारजण. उजव्या गालावर पानांतून आलेलं ऊन, तेही ठिपक्याठिपक्यांनी. डावी बाजू काळी. डोळे तर दिसतच नाहीत.

"मागं प्रभावळ टाका," गृहस्थ म्हणतात. "देवाच्या फोटोला असतीया तशी. आणि कोट घाला."

कोट तयार असतो. या कॉम्प्युटरमध्ये कोटांचं एक फोल्डरच आहे. त्यात फेट्यांचं वेगळं, साड्यांचं वेगळं. प्रभावळीचंही आहे. ताई लगेच नाही म्हणत नाहीत. "बसा, चहा येतोय," म्हणतात आणि कामाला लागतात.

आधी कडा कापायच्या. मग नवीन लेअर, पन्नास टक्के राखाडी रंगानं भरलेला, सॉफ्ट लाइटवर ठेवलेला. असा लेअर नुसता ठेवला तर फोटोत काहीच बदल दिसत नाही. त्यावर पांढऱ्यानं हलकं घासलं की खालचा फोटो उजळतो आणि काळ्यानं घासलं की गडद होतो. मूळ फोटोला धक्का लागत नाही. चुकलं तर परत राखाडी फिरवायचं. ब्रशचा फ्लो पाच टक्के. म्हणजे एकाच जागी वीस वेळा पेन फिरवावं तेव्हा कुठं फरक डोळ्याला जाणवतो. ताईंचं काम बघताना आधी असं वाटतं की काहीच चाललेलं नाही. दहा मिनिटांनी डावा गाल अंधारातून वर येतो.

इथं घाई करणाऱ्याची एक गोष्ट हमखास बिघडते. दोन्ही गाल सारखे उजळ केले जातात आणि चेहरा चपटा होतो, ताटासारखा. ताई डावी बाजू उजव्याच्या बरोबरीनं उजळत नाहीत. नाकाच्या डाव्या बाजूची सावली राहू देतात, हनुवटीखालची राहू देतात. उन्हाचे ठिपके मात्र शेजारची कातडी क्लोन करून एकेक घालवतात.

मग डोळे. जिवंत माणसाच्या डोळ्यात समोरच्या उजेडाचा एक बारीक पांढरा ठिपका पडलेला असतो. या फोटोत तो नाही, कारण भुवयांखाली नुसता काळोख आहे. ताई बुबुळावर उजव्या वरच्या अंगाला एक ठिपका देतात. दुसऱ्या डोळ्यात तेवढाच, त्याच जागी. एका डोळ्यात उजवीकडं आणि दुसऱ्यात डावीकडं पडला तर माणूस तिरळा दिसतो. शेवटी ठिपका थोडा पुसट करतात. झगझगीत ठेवला तर काचेचा डोळा वाटतो.

गृहस्थ खुर्चीतून उठून मॉनिटरपाशी येतात. बराच वेळ काही बोलत नाहीत.

"प्रभावळ?" ताई विचारतात.

"ऱ्हाऊ दे."

मागं ताई फक्त एक फिकट उजेड ठेवतात, खांद्यामागून वर विरत जाणारा, उजव्या बाजूला थोडा जास्त. कोटाचा उजवा खांदाही तेवढाच उजळतात. कोट दुसऱ्या कुठल्यातरी स्टुडिओत, दुसऱ्याच दिव्यात काढलेला. त्याला या झाडाखालच्या उन्हात आणून बसवावं लागतं, नाहीतर डोकं एकीकडचं आणि धड एकीकडचं वाटतं. गावोगावच्या भिंतींवर असे फोटो आपण बघितलेले आहेत. काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

प्रिंट, लॅमिनेशन, फ्रेम धरून साडेसहाशे रुपये. त्यातले साठ ताईंचे.

दुपारी १२.१०. अल्बमची पानं चालू आहेत. काकांचा, म्हणजे स्टुडिओच्या मालकांचा, ताईंशी हिशोब असा आहे: काउंटर सांभाळायचे महिना सहा हजार ठरलेले. अल्बमच्या पानाला वेगळे. बारा बाय छत्तीस इंचांचं एक पान लावलं की फोटोग्राफरकडून एकशेवीस रुपये घेतात, त्यातले पंचावन्न ताईंना. पानात चार फोटो असोत की चौदा, भाव तोच. सरळ काम असलं की दिवसाला बारा-तेरा पानं होतात.

आजचं चौथं पान सरळ नाही. लग्नाआधीचं शूटिंग पन्हाळ्यावर झालंय. तटाच्या कडेला दोघं उभी, मागं दरी. मुलीनं हिरवी नऊवारी नेसलीय, मुलानं पांढरा कुर्ता घातलाय. फोटोग्राफर मावळतीचा सूर्य धरायला म्हणून चारपासून गडावर थांबला आणि नेमके ढग आले. सगळा फोटो करडा. चिठ्ठीवर लिहिलंय: 'सनसेट पाहिजे. ओरिजनल वाटला पाहिजे.'

ताई आधी फोटोग्राफरला फोन लावतात. "पश्चिम कुठल्या बाजूला होती रे? पाठीमागं ना?" होती. मग त्या फोटोवर एक लेअर टाकून तो काळापांढरा करतात आणि कर्व्ह्ज अशी ताणतात की सगळं भडक, कुरूप दिसायला लागतं. हा लेअर नंतर काढून टाकायचा असतो, तो फक्त बघण्यासाठी. ढगाळ उजेड सगळ्या आभाळातून येतो, त्याला सावली नसते, असं आपण म्हणतो. पण ढगसुद्धा एका बाजूला पातळ असतात. ताणलेल्या फोटोत दिसतं की मुलीचा डावा गाल उजव्यापेक्षा किंचित उजळ आहे. मुलाच्या नाकाची उजवी कड किंचित काळी आहे.

"डावीकडं," ताई म्हणतात. "आपल्या डावीकडं, मागं. सूर्य तिथंच ठेवायचा. उजव्या कोपऱ्यात जागा मोकळी आहे, तिथं छान दिसला असता. पण चेहरे खोटं बोलत नाहीत."

मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. सॉफ्टवेअर सूर्य कुठंही ठेवू देतं. कुठं ठेवायचा नाही, हे बघणाऱ्यालाच कळावं लागतं.

दुपारी १२.२५. पहिलं काम आभाळाचं. डाव्या कडेला क्षितिजाजवळ नारिंगी, वर जाताना पिवळसर, मग करडं, उजव्या वरच्या कोपऱ्यात निळसर. एवढं झालं की शिकाऊ पोरं थांबतात. मागं संध्याकाळ आणि पुढं दुपारची माणसं, असा तो फोटो होतो. ताई इथून खरी सुरुवात करतात. माणसं गडद करायची. सूर्य पाठीमागं असेल तर तोंडावर उजेड कमीच असणार. पण किती कमी? खऱ्या हिशोबानं बघितलं तर चेहरे जवळपास काळे पडायला हवेत. अल्बमला पैसे देणारा बाप मुलीचा काळा चेहरा घेणार नाही. ताई मधलं काहीतरी धरतात. समोरून कोणीतरी पांढरा रिफ्लेक्टर धरला असता तर जेवढा उजेड आला असता, तेवढाच चेहऱ्यावर ठेवतात. सावल्यांत थोडा निळा घालतात. उन्हाची बाजू तांबूस आणि सावलीची बाजू निळसर, कारण तिथं उरलेल्या आभाळाचाच उजेड पोचतो.

दुपारी १२.५०. आता कडा. याला वेळ लागतो. पाठीमागून येणारा उजेड केसांच्या टोकांवर, खांद्यावर, बाहीच्या वरच्या रेघेवर अडकतो. ताई फोटो तीनशे टक्के मोठा करतात. मुलीच्या अंबाड्यातून सुटलेले केस दिसायला लागतात. एकेका केसावर पेन. सगळ्या केसांवर नाही, फक्त डाव्या बाजूच्या. नथीच्या मोत्यांवर डावीकडून एकेक कण. नऊवारीच्या जरीच्या काठावर जास्त, कारण जर उजेड परतवते. हिरव्या सुती अंगावर कमी. मुलाच्या डाव्या कानाच्या पाळीवर मात्र पिवळा रंग चालत नाही. तिथं लाल लागतो. पातळ कातडीतून उजेड आरपार येतो आणि रक्ताचा रंग घेऊन येतो. हे ताईंना कोणी शिकवलं नाही. रोज संध्याकाळी स्कूटरवर पुढच्या माणसाचे कान बघून कळलं, असं त्या सांगतात.

मध्येच मनगट दुखतं. त्या पेन खाली ठेवतात, मूठ उघडझाप करतात, ड्रॉवरमधली क्रेप बँडेज मनगटाला गुंडाळतात आणि परत सुरू.

दुपारी १.१५. सूर्य. एक नवा लेअर, तो संपूर्ण काळ्या रंगानं भरायचा. त्यावर लेन्स फ्लेअर. मग लेअरचा मोड स्क्रीन करायचा. काळं सगळं गायब होतं आणि फक्त उजेड राहतो. थेट फोटोवरच फ्लेअर मारला तर तो फोटोत मुरतो, परत हलत नाही. काळ्या लेअरवर असला की उचलून इकडं तिकडं करता येतो, कमी-जास्त करता येतो. फ्लेअरमध्ये जे गोल गोल चकचकीत मणी येतात ते ताई पुसून टाकतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अल्बमांत ते मणी प्रत्येक पानावर असायचे, तेव्हा तीच हौस होती. उरलेल्या उजेडावर गॉशियन ब्लर. सूर्याचा गोळा तटाच्या दगडामागं अर्धा लपवतात. पूर्ण गोळा दाखवला तर जमिनीवर कडक सावल्या पाहिजेत, आणि या गवतात त्या नाहीत.

सूर्याच्या जवळचं सगळं थोडं फिकट करायचं. उजेडाकडं कॅमेरा धरला की काळं काळं राहत नाही, त्यावर धुरकट पडदा येतो. दरीतल्या झाडांवर तो पडदा जास्त, जवळच्या माणसांवर कमी. मग पायांपासून आपल्याकडं येणाऱ्या सावल्या, मल्टिप्लायवर. पायापाशी थोड्या धारदार, पुढं येताना पसरट होत गेलेल्या. सूर्य खाली आहे म्हणून लांब. शेवटी सगळ्यावर अगदी बारीक नॉइज. कॅमेऱ्यानं काढलेल्या भागात दाणा असतो, हातानं रंगवलेला भाग गुळगुळीत असतो. दोन्हीला एकच दाणा दिला की शिवण दिसत नाही, आणि प्रिंटमध्ये आभाळाचे पट्टेही पडत नाहीत.

घड्याळात पावणेदोन. एका फोटोला दीड तासावर वेळ गेला. पानाचे पंचावन्न रुपये.

दुपारी १.५०. डबा. भाकरी, वांग्याचं भरीत, काकांसाठी वेगळं बांधून आणलेलं तिखट. काका सत्तरीचे आहेत. जेवताना ते डार्करूमचं सांगतात. डोळ्यांना दिसतं कमी, पण हातांना सगळं आठवतं. एन्लार्जरखाली कागद ठेवला की फोटोतला जो भाग काळा पडू नये असं वाटायचं, त्याच्यावर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती धरायची आणि ती सारखी हलवत राहायची. हलवली नाही तर चकतीचा गोल कागदावर उमटायचा. जो भाग जास्त काळा करायचा, तिथं दोन्ही पंजे जोडून मध्ये भोक ठेवायचं आणि तेवढाच उजेड खाली सोडायचा. मग डेव्हलपर, मग हायपो. चकती चुकली की कागद वाया, आणि कागदाचे पैसे पगारातून.

ताई मॉनिटरकडं बोट दाखवतात. टूलबारमध्ये उजळ करायच्या 'डॉज'च्या चित्रात काडीवर चकती आहे, गडद करायच्या 'बर्न'च्या चित्रात मुडपलेला हात आहे. "काकांनी सांगेपर्यंत मला ते लॉलीपॉपच वाटायचं," त्या म्हणतात.

कोल्हापुरात हे बोलणं चाललं की बाबूराव पेंटरांपर्यंत पोचतंच. त्यांनी इथं देशी कॅमेरा घडवला. १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांना कृत्रिम दिवे लावले. काकांना याचा अभिमान आहे. खरी कॉर्नरचा कॅमेरास्तंभ इथून चालत काही मिनिटांवर आहे, आणि गावाहून कोणी पाहुणा आला की काका त्याला तिथं नेतातच.

दुपारी ३.०५. एक कुटुंब दिवाळीचा फोटो घेऊन आलंय. आजी, सून, चार वर्षांची नात, नातीच्या ओंजळीत पणती. फोटो घरातल्या ट्यूबलाइटमध्ये काढलेला. पणती पेटलेली आहे, पण ट्यूबपुढं तिचं काही चालत नाही. "पणतीचाच उजेड तोंडावर आल्यागत करा," असं सून सांगते. ताई पन्नास रुपये सांगतात. सून चाळीस म्हणते. पन्नासच ठरतात.

पणतीचा उजेड मावळतीपेक्षाही तांबडा. कॅमेऱ्याच्या भाषेत दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन, मेणबत्ती १९०० च्या आसपास. आणि तो खालून येतो. आपण चेहरे वरून आलेल्या उजेडात बघायला सरावलेलो असतो. खालून आला की सगळं उलटं होतं: हनुवटी उजळते, नाकपुड्यांच्या खालची बाजू उजळते, भुवयांची सावली कपाळावर चढते. जास्त झालं तर गोड पोरगी भुतासारखी दिसते.

ताई दुकानातल्या पोराला हाक मारतात. "ये इकडं. बस स्टुलावर." देवाजवळचं निरांजन पेटवून त्याच्या हातात देतात, आणि दिवसातून पहिल्यांदाच ट्यूब बंद करतात. अंधार. पोराच्या चेहऱ्यावर खालून तांबूस उजेड येतो. "हात खाली घे. अजून. आता छातीशी." निरांजन हनुवटीपासून वीतभर असताना चेहरा चांगला उजळतो. दोन विती खाली गेलं की उजेड अर्धा नाही, पाव उरतो. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. शाळेच्या पुस्तकातला नियम पोराच्या गालावर दिसतो. बोटांच्या फटी लालबुंद झाल्यात. ताई मोबाइलनं दोन फोटो काढतात, पोराचा आणि त्याच्या बोटांचा.

"झालं का? भाजायलंय."

"झालं, ठेव."

दुपारी ३.२०. मग काम भराभर होतं. ट्यूबचा पांढरा उजेड आधी कमी केला, सगळी खोली निळसर गडद. नातीच्या तोंडावर तांबूस, ओंजळीच्या जवळ सगळ्यात जास्त. शेजारी वाकलेल्या आईच्या गालावर त्यापेक्षा बराच कमी. मागं उभ्या आजीला जवळजवळ काहीच नाही, फक्त चष्म्याच्या काचेत एक बारीक ज्योत. आजी अंधारात गेली तर चालेल का, म्हणून ताई सुनेला फोन करतात. चालत नाही. मग आजीच्या मागच्या खिडकीतल्या आकाशकंदिलाचा उजेड थोडा वाढवतात आणि तो आजीच्या पदरावर आणून सोडतात. आकाशकंदील फोटोत होताच. उजेडाला घरातली खरी जागा मिळाली.

दुपारी ४.१५ ते ५.१५. तीन पानं. हळदीची. मांडवात जांभळे एलईडी लावलेले, त्यामुळं हळद लावलेली मुलगी जांभळी आलीय. लाल रंग कॅमेऱ्यात इतका भरलाय की गालाचा तपशीलच गेलाय. गेलेलं परत येत नाही. ताई जेवढं येतं तेवढं आणतात, उरलेले फोटो काळेपांढरे करून टाकतात. सलग काम, गप्पा नाहीत. चहा दहा रुपये कप, ताई दिवसाला तीन घेतात.

संध्याकाळी ५.३०. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आहे, म्हणजे अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसंच जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळता सूर्य पश्चिमेच्या महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतो. देवी पश्चिमेला तोंड करून उभी आहे. किरण आधी चरणांवर येतात, मग वर चढतात, सगळं जुळून आलं तर मुखापर्यंत पोचतात. वाटेत उंच इमारती आल्या, धुरळा आला, ढग आला तर मध्येच थांबतात. पोरगं मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावतं. गाभाऱ्यातले दिवे मालवलेले आहेत. ताई, काका, पोरगं आणि खालचा झेरॉक्सवाला, सगळे त्या छोट्या स्क्रीनवर वाकलेले.

ताई हात जोडतात आणि लगेच मोबाइल जवळ ओढून बघायला लागतात. "किरणाची कड बघ," पोराला म्हणतात. "खालच्या बाजूला धारदार आहे, वरच्या बाजूला विरलेली. आणि दगडावर सोनेरी पडलाय, चांदीवर जवळजवळ पांढरा." आज किरण कमरेपर्यंत येऊन मावळतात. काका म्हणतात, पश्चिमेला ढग होते. सगळे आपापल्या जागी जातात.

संध्याकाळी ६.४५. फोटोग्राफर यायला लागतात. कार्डं, हार्डडिस्क, चिठ्ठ्या, उधारी. पन्हाळ्यावरचा फोटोग्राफरही येतो. पान बघतो, मोठं करून बघतो. कान बघतो. "लई भारी, ताई."

त्याच्याबरोबरचा दुसरा फोटोग्राफर मोबाइल काढतो. त्याच्या ॲपमध्ये एका बोटानं आभाळ बदलतं, सूर्य येतो, चेहरे तांबूस होतात. पाच सेकंद लागतात. महिन्याला अडीचशे भरले की कितीही फोटो. तो आपल्या एका जोडप्याचा फोटो दाखवतो. खरंच सुंदर आहे. ताई तो हातात घेतात आणि जरा वेळ बघतात.

"सूर्य उजवीकडं आहे," त्या म्हणतात. "पोरीचा उजेड डावीकडनं आलाय. आणि सावली समोर पडायच्या ऐवजी मागं पडलीय."

"कोण बघतंय एवढं?"

यावर ताई काही बोलत नाहीत. पन्हाळ्यावरचा फोटोग्राफर मात्र मोबाइल परत मागून घेतो आणि सावली शोधत बसतो.

मग भावाचं बोलणं. दुसरा फोटोग्राफर म्हणतो, पानाला नव्वद करा, सीझनला चाळीस अल्बम देतो. काका ताईंकडं बघतात. नव्वद झाले तर ताईंचे पंचावन्न राहणार नाहीत, हे दोघांनाही कळतं. "सनसेटची पानं वेगळी धरा," ताई म्हणतात. "साधं पान नव्वद. ज्यात उजेड करायचा ते दोनशे." तो हसतो, विचार करून सांगतो म्हणतो. काकांनी वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवलेत.

रात्री ८.१०. पानं बाहेर काढायची. बारा बाय छत्तीस, तीनशे डीपीआय, म्हणजे एका पानाला १०८०० बाय ३६०० पिक्सेल. लेअर असलेली फाईल वेगळी, लॅबला जाणारी वेगळी. लॅबमध्ये प्रिंट इथल्यापेक्षा गडद येते. म्हणून पाठवण्याआधी ताई मधले टोन किंचित उचलतात, दरवेळी तेवढेच. पणतीचा फोटो मात्र उचलत नाहीत. तो गडदच छापायचा, अशी चिठ्ठी लावतात.

फाईली जात असताना फोन येतो. पन्हाळ्याच्या फोटोग्राफरनं पान मुलीच्या घरी पाठवलं होतं. सगळ्यांना आवडलंय, फक्त वडील म्हणतायत सूर्य जरा मोठा करा, गोळा पूर्ण दिसू दे.

"करता येईल," ताई म्हणतात. "वेगळ्या लेअरवर आहे. पण गोळा पूर्ण दाखवला तर चेहरे अजून गडद करायला लागतील. नाहीतर चिकटवल्यासारखा दिसेल. दोन्हीतलं काय पाहिजे ते विचार."

पाच मिनिटांनी परत फोन. चेहरे आहेत तसेच ठेवा.

रात्री ८.४०. वही. आज पानं आठ, म्हणजे चारशे चाळीस. तेराव्याच्या फोटोचे साठ. पणतीचे पन्नास. एकूण साडेपाचशे, महिन्याच्या सहा हजारांतला आजचा हिस्सा वेगळा. ताई मनगटाची बँडेज सोडून गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवतात. उद्याच्या चिठ्ठ्या वरवर चाळतात: एक बारसं, एक निवृत्तीचा सत्कार, एक वरात. वरातीच्या चिठ्ठीवर फोटोग्राफरनं लिहिलंय, 'जनरेटर बंद पडला होता. लाइट ॲडजस्ट करणे.'

"किती फोटो?" काका विचारतात.

"साठ. म्हणजे उद्या नऊलाच यायला लागणार," ताई म्हणतात आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागतात.